तळघरातल्या दोन बंदुका

वकिलांचा फोन आला तेव्हा मी एका आजींच्या चांदीच्या चमच्यांची यादी करत होते. "घरात दोन मशीनगन सापडल्यात," ते म्हणाले. "कागद आहेत की नाहीत, कुणालाच माहीत नाही. उद्या येता येईल?"

मी ओहायोत वारसा-मालमत्तेचं मूल्यांकन करते. माणूस गेला की त्याच्या घरातल्या वस्तूंची किंमत ठरवायची आणि वकिलाला, वारसांना अहवाल द्यायचा. बहुतेक दिवस फर्निचर, घड्याळं, दागिने, क्रोकरी यांतच जातात. युद्धकाळातली हत्यारं मी इथे आल्यावर माझ्या वरिष्ठांच्या हाताखाली शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती: बंदुकीकडे नंतर बघायचं, आधी कागद मागायचा.

फेब्रुवारी २०१९ होता. गेलेले गृहस्थ पंचाण्णव वर्षांचे, दुसऱ्या महायुद्धात लढलेले. घरात एकटी लेक, त्याही पासष्टीला आलेल्या. वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे सगळं निस्तरायची जबाबदारी त्यांच्यावर होती. अशी बंदूक मूल्यांकनासाठीसुद्धा मला ऑफिसात नेता येत नाही, ती त्यांच्याच ताब्यात राहावी लागते. म्हणून मीच गेले.

तळघरात इस्त्रीच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी दोन्ही बंदुका ठेवल्या होत्या. एक जर्मन एमपी-४०. दुसरी अमेरिकन थॉम्प्सन, जिला सगळं जग टॉमी गन म्हणतं.

"ही खरी," एमपी-४० कडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "बाबांनी युद्धातून आणलेली. त्यांचे एक मित्र म्हणायचे, तीस हजार डॉलर कुठे गेले नाहीत. ती दुसरी नुसती शोभेची आहे. नळी बुजवलेली आहे तिची."

मी वाकून पाहिलं आणि खरंच श्वास रोखला गेला. रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य धडावर, 'बीएनझेड' आणि '४२' स्पष्ट. म्हणजे १९४२ साली ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्यात तयार झालेली. एकेका भागावरचा नंबर मी भिंगाखाली तपासला, सगळे जुळत होते. मुठीच्या बेकेलाइटला तडा नाही, मूळ रंग शाबूत, चामड्याचा पट्टासुद्धा होता. शौकीन माणूस जुळणाऱ्या नंबरांसाठी आणि न घासलेल्या रंगासाठी दुप्पट पैसे मोजतो. युद्धात अशा दहा लाखांवर बनल्या, पण इतकी नीट राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"कागद?" मी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद फुटला. वर जाऊन त्या एक पाकीट घेऊन आल्या. आत १९४५ सालचं घडी घातलेलं पान, त्यावर कंपनी कमांडरची सही. या सैनिकाला शत्रूकडून मिळालेली पुढील वस्तू स्वतःजवळ ठेवायची परवानगी आहे, अशा अर्थाचा मजकूर, आणि खाली हाताने लिहिलेलं: जर्मन मशीन पिस्तूल, एक.

हे पान हातात घेतल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण तो कागद अस्सल होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. नोंदणी झालेल्या बंदुकीसोबत असं पान असलं तर तिची किंमत आणखी वाढते. पण पान म्हणजे नोंदणी नव्हे.

इथे थोडं मागे जावं लागेल, नाहीतर त्या बाईंना मी पुढे जे सांगितलं ते विनाकारण कठोर वाटेल.

१९२१ साली थॉम्प्सन बंदूक २०० डॉलरच्या आसपास मिळायची. १९३४ मध्ये अमेरिकेने कायदा करून मशीनगनची नोंदणी सक्तीची केली आणि मालक बदलताना कर लावला, तोही २०० डॉलर. माल तेवढाच महाग, कर तेवढाच. उद्देश लोकांनी या वाटेला जाऊ नये हाच होता. युद्धात थॉम्प्सन पंधरा लाखांच्या घरात तयार झाल्या आणि शेवटी शेवटी सरकारला एक बंदूक ४५ डॉलरच्या आसपास पडू लागली. मग आलं १९८६. त्या वर्षीच्या कायद्यात विल्यम ह्यूज या न्यू जर्सीच्या खासदारांनी सुचवलेलं एक कलम होतं. १९ मे १९८६ नंतर खासगी माणसाच्या नावावर नवी मशीनगन नोंदवायची नाही. बस, इतकंच. तेव्हापासून सामान्य नागरिकाला विकत घेता येतील अशा सगळ्या प्रकारच्या मिळून साधारण पावणेदोन लाख मशीनगन देशात आहेत. त्यात एकीचीही भर पडत नाही. घेणारे मात्र वाढत राहिले. आज चांगली युद्धकालीन थॉम्प्सन पंचवीस-तीस हजार डॉलरला जाते आणि कर अजूनही तेच २०० डॉलर.

स्टेन गनचं उदाहरण तर मला प्रत्येक वेळी चकित करतं. १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परतलं तेव्हा ब्रिटनची हत्यारं मागेच राहिली होती. ती तूट भरून काढायला लोखंडी नळी आणि ठोकलेला पत्रा वेल्ड करून कमीत कमी खर्चात ही बंदूक घाईघाईने काढली. तिचं रूप कुणाला आवडावं असं नाहीच. तरी नोंदणी असलेली स्टेन आज दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. त्यातलं लोखंड भंगारवाल्याकडे नेलं तर वीस डॉलरही यायचे नाहीत.

आणि नोंदणी नसेल तर? मग ती बंदूक बेकायदा. आता ती नोंदवता येत नाही, विकता येत नाही, घरात ठेवताही येत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची.

फक्त एकदा दार उघडलं होतं. १९६८ साली कायदा कडक झाला तेव्हा सरकारने ३० दिवस दिले, २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. ज्याच्याकडे विनानोंदणी हत्यार असेल त्याने ४४६७ नंबरचा फॉर्म भरून द्यावा, त्याच्यावर कारवाई होणार नाही. युद्धातून आलेल्या कितीतरी बंदुका त्या महिन्यात उजेडात आल्या.

मी बाईंना म्हटलं, "तो फॉर्म शोधू या. ४४६७."

आम्ही साडेचार तास शोधलं. आयकराच्या फायली, गाड्यांची कागदपत्रं, बायबलची पानं, वडिलांच्या अवजारांच्या पेटीचा तळसुद्धा. दुपारी दोनच्या सुमारास एका जुन्या विमा पॉलिसीच्या मागे टाचणीने लावलेला तो सापडला. पिवळट पान, वर आकडा ४४६७, खाली सरकारी शिक्का. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

मी नंबर वाचला. सुरुवातीला इंग्रजी 'एस' होतं.

'एस' हे जर्मन बंदुकीवर नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथल्या सॅव्हेज कारखान्यात बनलेल्या थॉम्प्सनच्या नंबराआधी 'एस' असतं. मी त्या शोभेच्या बंदुकीच्या डाव्या बाजूवर टॉर्च मारला. आकडा न् आकडा जुळला. पन्नासच्या दशकात सरकार नळी रिसीव्हरला वेल्ड करून, काडतूस बसतं ती जागा बुजवून अशा बंदुका निकामी करू देत असे, आणि मग त्या नोंदणीशिवाय टपालाने विकल्या जात. १९६८ च्या कायद्याने त्याही नोंदणीत आणल्या. यांच्या वडिलांनी तीस-चाळीस डॉलरला घेतलेली बंदूक इमानदारीने नोंदवली होती.

"ही किती?" त्यांनी विचारलं.

"अठरा हजारांच्या आसपास. वेल्डिंग आहे म्हणून थोडी कमी."

"आणि ती?"

उत्तर द्यायच्या आधी मी थॉम्प्सन उचलली. नोंद तपासायची म्हणून उचलायचीच होती, पण खरं सांगायचं तर मला क्षणभर वेळ हवा होता. रिकामी असूनही ती पाच किलोच्या आसपास भरते. अक्रोडाचा दस्ता आणि नळीवर गोल गोल कंगोरे, उष्णता निघून जावी म्हणून कोरलेले.

मी मूळची माणगावची. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून आम्ही शाळेत जायचो. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. मराठा लाइट इन्फंट्रीची त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याशिवाय सगळे पडले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपलं. मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

शाळेत ही गोष्ट आम्ही पाठ म्हणायचो. 'नळीकडून धरून' या शब्दांचा अर्थ मला त्या तळघरात कळला. मी हात पुढे सरकवून त्या कंगोऱ्यांवर बोटं आवळली. थंड लोखंडसुद्धा तळव्याला रुततं. मॅगझीन रिकामी केलेल्या बंदुकीची नळी किती तापलेली असेल, आणि ती धरून पाच किलोंचा घाव घालायचा! मी बंदूक खाली ठेवली. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना माणगावच्या पुतळ्याबद्दल सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझे बाबाही त्या वेळी बावीसच्या आसपासचेच."

मग मी सांगितलं. जर्मन बंदुकीची किंमत शून्य. शून्याहूनही वाईट, कारण ती घरात असणं हाच धोका आहे. आजच वकिलांना फोन करा.

त्या रडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि बऱ्याच वेळाने बोलल्या. १९६८ साली त्या चौदा वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वडील फॉर्म भरत होते, हे त्यांना आठवत होतं. आई भांडी घासता घासता म्हणाली होती, "जी विकत घेतलीत तिचं सांगा. जी आणलीत तिचं कशाला सांगायचं?" वडिलांनी ती जर्मन बंदूक युद्धातून सुटी करून लाकडी खोक्यातून घरी पाठवली होती. आईला वाटलं, सरकार कारवाई करणार नाही म्हणतं, पण नाव तर लिहून घेणारच ना.

मला त्या आईचा राग आला नाही. सरकारी फॉर्मवर आपणहून काही कबूल करायचं नाही, हे आमच्या घरातही असंच बोललं गेलं असतं.

वकिलांनी सरकारी नोंदणी कार्यालयाला पत्र लिहून त्यांच्या वडिलांच्या नावे दुसरी काही नोंद आहे का ते विचारलं. माझ्या मनात तेवढी एक आशा होती, की फॉर्म हरवला असेल पण नोंद असेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कार्यालयातून काही आठवड्यांनी उत्तर आलं: नोंद एकच. थॉम्प्सन वारस म्हणून लेकीच्या नावे करायला करसुद्धा पडणार नव्हता. दुसरीसाठी स्थानिक कार्यालयातून दोन अधिकारी यायचे ठरले. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही याल का?"

अधिकारी सभ्य होते. एकाने नंबर वाचला, दुसऱ्याने पावतीवर उतरवला. पेटी बंद करताना बाई म्हणाल्या, "पट्टा काढून घेतला तर चालेल? तो बाबांनी दरवर्षी तेल लावून ठेवला होता." अधिकाऱ्याने स्वतः बक्कल सोडवलं आणि पट्टा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो १९४५ च्या त्या पानाबरोबर पाकिटात ठेवला.

संध्याकाळी मी अहवाल पुरा केला. थॉम्प्सन, निकामी केलेली, नोंदणीसह: १८,००० डॉलर. एमपी-४०: ०. युद्धकालीन परवानगीपत्र, कमांडरच्या सहीचं: २०० डॉलर. चामड्याचा पट्टा, उत्तम स्थितीत, तेल लावलेला: १५० डॉलर.