पुठ्ठ्यावरचा समुद्र : सेंट आयव्हज

सेंट अर्थला गाडी बदलली आणि छोट्या गाडीत उजवीकडची खिडकी धरली. हेलची खाडी मागे पडते न पडते तोच कार्बिस बेचं हिरवंनिळं पाणी आलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या या टोकाला मी आले ती आल्फ्रेड वॉलिस या खलाशी-चित्रकारासाठी. केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलादालनात त्याची चित्रं पाहिली, तेव्हापासून त्याचं गाव बघायचं मनात होतं.

बॅक रोड वेस्ट ही अरुंद गल्ली. इथल्या तीन नंबरच्या बसक्या घरात तो राहायचा. जन्म १८५५चा. तरुणपणी शिडाच्या जहाजांवर न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आला, मग मासेमारी केली, पुढे या गावात जुन्या दोरखंडांचा, लोखंडाचा भंगारधंदा केला. १९२२ साली बायको, सुझन, गेली. घर खायला उठलं, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर सोबत म्हणून त्यानं रंग हातात घेतले. तेही बोटीला लावायचे! कागद म्हणून वाण्याकडच्या खोक्यांचे पुठ्ठे.

हे पुठ्ठे तो चौकोनी करत बसला नाही. कडा तिरकी असेल, तर गलबतही तिच्या कलानं झुकतं. केटल्स यार्डमध्ये एका चित्राशी मी कितीतरी वेळ उभी होते. शिडाचा तपकिरी रंग म्हणजे नुसता उघडा ठेवलेला पुठ्ठा, आणि भोवती पांढऱ्या-करड्या लाटांचे जाड फराटे. या चित्रांना कुणी बालिश म्हटलं की मला राग येतो. कुठल्या वाऱ्यात कुठलं शीड उतरवायचं हे त्याला अंगानं ठाऊक होतं. वाफेच्या बोटींनी हटवलेली ती शिडाची गलबतं तो आठवून आठवून काढत होता.

१९२८च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वूड हे चित्रकार या गल्लीतून जात होते. उघड्या दारातून भिंतभर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं दिसली, लहानात लहान चित्राला मोठ्यात मोठा खिळा! पुढे केटल्स यार्ड उभारणाऱ्या जिम ईड या संग्राहकाला वॉलिस चित्रांचे गठ्ठे टपालानं पाठवायचा. एकेका चित्राचे मोजके शिलिंग मिळत. एवढी जाणकार माणसं भोवती असूनही १९४२ साली तो पेन्झन्सजवळच्या मॅड्रनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात वारला. हे मला अजूनही पचत नाही.

चढ चढून बार्नून दफनभूमीत गेले. वॉलिसच्या कबरीवर बर्नार्ड लीच या कुंभार-कलावंतानं घडवलेल्या फरशा आहेत : भलंमोठं दीपगृह, आणि त्याच्या दारात शिरणारा एक एवढासा माणूस. खाली पोर्थमीअरच्या किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या.