गडावर निघालेली गाडी

गुढीपाडवा झाला की पारोळा रोडवरच्या आमच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. एक, एसी गार करत नाही म्हणून येणारी. धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, ती येणारच. दुसरी, गडावर निघालेली. चैत्र पुनवेच्या सप्तशृंगीच्या यात्रेला खान्देशातून माणसं पायी जातात. मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरी, आणि तिथून वर. दिवसा डांबरावर पाय ठेववत नाही, म्हणून चालणं संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. घरची गाडी मागून पाणी, गोधड्या आणि शिधा घेऊन. त्या गाडीला मग काय काय लावून हवं असतं: लाइट, भोंगा, छतावर कॅरियर, मागे डिकीत बल्ब. बावीस वर्षं मी हेच करतोय. वायरमन म्हणा, ॲक्सेसरीवाला म्हणा, दोन्ही खरं.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला पांढरी सात सीटर आली. शिंदखेड्याकडचं कुटुंब. नाना कापूसवाले शेतकरी, मुलाचं कृषी केंद्र, सून, दोन लेकरं, नानांची बहीण आणि नानांची आई. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्याच चालणार होत्या, बाकीचे गाडीत. परवा संध्याकाळी निघायचं होतं.

मुलाने मोबाइलवर यादी दाखवली. छतावर लाइटबार, पुढे बुलगार्ड, हेडलाइटला एलईडी बल्ब, सगळ्या सीटला कव्हर, जाड मॅट, मोठा हॉर्न. मी मनात बेरीज केली. खोटं कशाला बोलू, बेरीज चांगली होत होती.

शेवटी जाता जाता नाना म्हणाले, "आनि भाऊ, कधीमधी जळाना वास येस. लाइट लावात का येस, मंग जास."

हे वाक्य ऐकलं की मी यादी बाजूला ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून पुढे दोन गोल फॉग लाइट आणि डिकीत एक बल्ब लावून घेतला होता. बॉनेट उघडलं. फॉगच्या बल्बवर १०० वॅट छापलेलं. दोन बल्ब म्हणजे २०० वॅट. बारा व्होल्टवर साडेसोळा अँपिअरच्या वर करंट. रिले, म्हणजे छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतः पेलणारा डबीएवढा स्विच, कुठेच नाही; सगळा भार डॅशबोर्डवरच्या एका बोटभर स्विचमधून. लाइन फ्यूजबॉक्समधून घेतलेली. त्या खाचेवर १५ लिहिलेलं आणि आत ३० चा हिरवा फ्यूज बसवलेला. झालं काय असणार ते समजायला पोथी वाचावी लागत नाही. पंधराचा फ्यूज उडाला, पुन्हा घातला, पुन्हा उडाला, मग कुणीतरी वैतागून तीसचा ठोकला. फ्यूज उडणं बंद, गिऱ्हाईक खूश.

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. बल्ब उडाला तर थोड्या पैशांत दुसरा येतो. वायर तापली तर ती अख्ख्या गाडीतून फिरलेली असते. इथे वायर होती शेवयांसारखी बारीक, घरातल्या नाइट लॅम्पला वापरतात तसली. जॉइंट नुसते पिळून वर काळी टेप. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद गुळाच्या पाकासारखा होतो आणि टेप आपोआप उलगडते. हात लावला तर बोटं चिकटली. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर आत घेतलेली, पण भोकाला रबराचं बुश नाही; पत्र्याच्या धारेने वरचं आवरण अर्धं खाल्लेलं.

तरी वास तिथला नव्हता. इंजिनमध्ये जळलं तर वास बाहेर जातो, हा आत येत होता. म्हणून मागची सीट काढायला लावली. आमच्या पोराने गालिचा उचलला आणि नुसताच "भाऊ" म्हणाला.

डिकीच्या बल्बची लाइन फॉगच्याच वायरवरून घेतली होती आणि गालिच्याखालून मागे नेली होती. तिसऱ्या सीटच्या लोखंडी पायाखाली ती चेपलेली. तिथे तळहाताएवढा गालिचा काळा, कडक, पापडासारखा. खालच्या पत्र्याचा रंग उडालेला. वायर चेपून तांबं पत्र्याला मधूनमधून लागत होतं. सरळ चिकटलं असतं तर तीसचा फ्यूजही उडाला असता. पण अर्धवट लागलं की दहा-बारा अँपिअर वाहत राहतात, आणि फॉगचे साडेसोळा धरूनही तीसचा फ्यूज आरामात बघत बसतो. बाराला बाराने गुणा: जवळजवळ दीडशे वॅट. गालिच्याखाली ठेवलेली शेगडीच ती.

मी सहज विचारलं, "नाना, इथे यात्रेत काय ठेवता?"

सून म्हणाल्या, "गॅस."

पाच किलोची छोटी टाकी. रात्री मुक्कामाला खिचडी आणि चहासाठी. मागच्या वर्षी तीच टाकी, त्याच जागी, चार रात्री. पुढच्या सीटवर लेकरं झोपलेली.

कुणी काही बोललं नाही. आजी खुर्चीवरून उठल्या, वाकून त्या काळ्या डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि पदराला पुसलं. मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. माझ्या डोक्यात मात्र दुसराच हिशेब चालला होता. बावीस वर्षांपैकी पहिली पाच-सहा वर्षं मीही पिळूनच जॉइंट मारायचो. मीही १००/९० वॅटचे हेडलाइट बल्ब कंपनीच्या होल्डरमध्ये कोंबले आहेत, होल्डर पिवळे पडून वितळलेले पाहिले आहेत. त्या गाड्या आज कुठे असतील, देव जाणे. त्या माणसाला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

दुपारी सगळी जुनी वायर काढली. मेजावर ठेवली तेव्हा लेकरांनी तिचा पुंजका मोजला, सतरा जॉइंट निघाले. नवी लाइन बॅटरीपासून: पहिल्या वितीभरात फ्यूज, मग चार पिनांचा रिले, मग अडीच एमएमची वायर, वर नळी, प्रत्येक पत्र्याला बुश. स्विचमधून आता रिले ओढण्यापुरता करंट जातो. बल्ब ५५ वॅटचे, दोघांचे मिळून नऊ अँपिअरच्या थोडं वर, फ्यूज पंधराचा. डिकीच्या दिव्याला वेगळी लाइन, वेगळा फ्यूज, पाच अँपिअरचा. गॅसची टाकी गाडीत नकोच म्हटलं. नानांनी ती मागून येणाऱ्या दिंडीच्या उघड्या टेम्पोत टाकायचं कबूल केलं.

मग यादीवर भांडण झालं. भांडणच म्हणायचं, मुलगा हट्टाचा होता.

बुलगार्ड मी देत नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हे चालत नाही. तोवर मी महिन्याला दहा-बारा विकायचो. कायद्याचं सोडा म्हणतात लोक, म्हणून मी दुसरं सांगतो: पुढचा बंपर आणि त्यामागचा पत्रा धडकेत चेपायलाच बनवलेला असतो. तो चेपतो, म्हणून आतला माणूस कमी चेपतो. लोखंडी गार्ड थेट चासीला बांधला की धक्का सरळ आत येतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही धडक भलत्या वेळी कळते. रस्त्यावर चालणाऱ्याच्या मांडीला तो पाइप काय करत असेल, ते या यात्रेच्या दिवसांत सांगायची गरज पडली नाही.

सीट कव्हरचंही तेच. या गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली होती. त्यावरून जाड रेक्झिनचं कव्हर ओढलं तर बॅग फुटायची कुठून? मॅट दिली, पण जुनी काढून. चटईवर चटई टाकली की वरची सरकून ॲक्सिलेटरखाली अडकते.

"मंग तुमी इकतस तरी काय?" मुलगा म्हणाला. प्रश्न चुकीचा नव्हता. दुपारी तीनपर्यंत माझी सकाळची बेरीज निम्म्यावर आली होती.

खरी ओढाताण एलईडी बल्बवर झाली. मी हॅलोजनचा एच४ बल्ब काढून त्याच्या हातात दिला. आत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची नखाएवढी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड वरच्या बाजूला सरळ कापल्यासारखा थांबतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. हेडलाइटची आरशासारखी वाटी त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते, मिलिमीटरचा फरक तिला सोसत नाही. स्वस्तातल्या एलईडीत ती जागा सांभाळलेली नसते. उजेड खूप पडतो, पण झाडावर, पाटीवर, समोरच्या ड्रायव्हरच्या कपाळावर.

त्याला पटलं नाही. म्हणाला, जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणार, यात काय चुकतं?

तेव्हा आजी बोलल्या. दिवसभरात पहिल्यांदा सलग.

"आरे, मांगून गाडी उनी का मनी सावली मना पुढे पयस, तिना मांगे मी चालस. ते बरं शे. पन समोरून तुना असला दिवा उना का पाय कोठे ठेवाना ते समजत नही. मी उभी ऱ्हास. समदा उभा ऱ्हातंस. गाडी गई का मंग चालतंस."

आजींचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मला एकदम सुचलं. म्हटलं, आजी, संध्याकाळी थांबता का तासभर?

दुकानामागे एका गोदामाची चुन्याची भिंत आहे. हेडलाइट लावायला मी तीच वापरतो. साडेसात वाजता, अंधार पडल्यावर, सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी केली, चाकांत हवा तपासली. हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर कोळशाची रेघ मारली, तिच्याखाली चार बोटांवर दुसरी. नुसत्या ड्रायव्हरसह डिपरचा उजेड खालच्या रेघेवर आणून बसवला. इथवर कुणीही करतं.

मग सगळ्यांना आत बसवलं. नाना, मुलगा, सून, आत्या, दोन्ही लेकरं, आजींच्या जागी आमचा पोरगा. मागे गोधड्या, पाण्याचे जार, तांदळाची गोणी. सगळं कुटुंब एसी लावून अंधारात भिंतीकडे तोंड करून बसलं. धाकट्याने विचारलं, पिक्चर कव्हय सुरू होई?

मागचा भार पडला की गाडीचं नाक वर होतं. भिंतीवरची कड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या रेघेवरून उठली आणि वरच्या रेघेच्याही वर गेली. २५ फुटांवर सहा बोटं. म्हणजे १०० फुटांवर त्याच्या चौपट. अरुंद रस्त्यावर समोरच्याच्या गुडघ्याला लागणारा उजेड कमरेपर्यंत चढतो, आणि लांबून येणाऱ्याच्या तर सरळ डोळ्यांत. बल्ब कंपनीचा, काच कंपनीची, कुणी काही बदललेलं नाही, तरी हे होतं, कारण यात्रेला निघालेली गाडी कधी रिकामी नसते.

स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांची एक चकती होती. मुलाला ती एसीच्या हवेची वाटत होती; तीन वर्षांत हात लावला नव्हता. मी ती २ वर नेली. आतली मोटर घुर्र्र झाली आणि उजेड सावकाश खाली उतरून रेघेवर टेकला. नाना म्हणाले, "हाई गाडीमाच व्हतं?"

शेवटी आजींना रिकाम्या गल्लीत सत्तर-ऐंशी पावलांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मुलाने आधी आमच्या दुकानातला एलईडी बल्ब एका बाजूला लावून गाडी समोर आणली. आजींनी पदर डोळ्यांवर घेतला. मग हॅलोजन, चकती २ वर. आजींनी पदर काढला, जमिनीकडे पाहिलं आणि पायातली एक चप्पल काढून परत नीट घातली. मुलगा गाडीतून उतरला, तो बल्ब काढून माझ्या हातात ठेवला. लाइटबारचं नाव त्यानंतर निघालं नाही.

चकतीशेजारी मी एक चिठ्ठी चिकटवली: एकटा ०, सगळे २.

बिल करताना आजी ट्रकच्या रिफ्लेक्टर टेपचा गुंडाळा हातात घेऊन बघत होत्या. ट्रकला पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल लावतात, ते त्यांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे केली. मी मागे लाल पट्टी लावली, पुढच्या पट्ट्यावर पांढरी, काठीला पिवळी. माणसाला ट्रकचा नियम लावला. पोराने लांबून मोबाइलची बॅटरी मारली तर आजी चमकल्या आणि लेकरं खिदळत सुटली.

"दिंडीमा चाळीस बाया शेतीस," आजी म्हणाल्या.

लाल गुंडाळा अर्ध्यावर संपला. शेजारच्या दुकानदाराचं शटर वाजवून त्याच्याकडचा आणला. सव्वानऊपर्यंत आमचा पोरगा कात्रीने वीत-वीत पट्ट्या कापत होता आणि आजी त्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधून मोजत होत्या.