राखा माइन्स: एकाच खडकातलं तांबं आणि युरेनियम

नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या गाड्या टाटानगर सोडल्यावर, झारखंडमधल्या घाटशिलाच्या थोडं आधी, राखा माइन्स नावाच्या छोट्या स्टेशनावरून जातात. बहुतेक मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि पॅसेंजर लोकांचं लक्षही नसतं, पण त्या बाजूने कधी गेलात तर उजव्या हाताच्या खिडकीतून डोंगर बघा, कारण भारतातल्या तांब्याचा आणि युरेनियमचा अर्धाअधिक इतिहास त्याच रांगेत आहे. नागपुरात जिऑलॉजी शिकलेल्या माणसाला हा पट्टा कुठे ना कुठे भेटतोच. सेमिनरी हिल्सवर जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि खनिजं शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल, सिव्हिल लाइन्सला आयबीएम म्हणजे खाणींवर देखरेख ठेवणारा इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि अणुखनिजवाल्यांचं ऑफिस, त्यामुळे कोणाची ना कोणाची तिकडे बदली झालेली असते आणि चहाच्या टपरीवर मोसाबनी, सुरदा, जादुगुडा ही तिथल्या खाणींची नावं अशी निघतात जशी काही नागपूरजवळची कामठी आणि कन्हानच आहे.

मी डिपार्टमेंटमध्ये तिथला दगड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा एवढंच दिसलं होतं, काळपट हिरवा शिस्ट म्हणजे दाबाखाली बनलेला पदरापदराचा खडक, नखाने पापुद्रे निघतील असा, आणि त्यात पितळेसारखी चमकणारी चाल्कोपायराइटची, म्हणजे तांब्याच्या खनिजाची रेघ. युरेनियम त्यात डोळ्यांना दिसतच नाही.

या पट्ट्याचं नाव सिंगभूम शिअर झोन, म्हणजे खडक एकमेकांवर घासून चिरडले गेलेली जागा. दक्षिणेला सिंगभूमचा जुना ग्रॅनाइट, ३०० कोटी वर्षांच्याही आधीचा, आणि उत्तरेचे खडक दाबाखाली त्याच्यावर सरकत आले. जिथे ही रगड झाली तिथे धनुष्यासारखा वाकलेला, साधारण २०० किलोमीटर लांबीचा चिरडलेल्या खडकांचा पट्टा तयार झाला. चिरडलेल्या खडकात भेगा, भेगांतून गरम पाणी, आणि पाण्याबरोबर तांबं, लोखंड, निकेल, मॉलिब्डेनम, फॉस्फेट असं सगळंच. युरेनियमचं वागणं मात्र वेगळं आहे आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून लांब लांब जातं आणि ऑक्सिजन ओढून घेणारं काही वाटेत भेटलं की तिथेच युरेनिनाइट या खनिजाच्या रूपात खाली बसतं. हवेत ऑक्सिजन वाढला तो २४० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, त्याच्या आधी हे शक्यच नव्हतं, तेव्हा युरेनिनाइटचे कण नदीच्या वाळूत वाळूसारखेच पडून राहायचे. काही जाणकारांचं म्हणणं आहे की सिंगभूमचं युरेनियम मुळात अशाच जुन्या गोटे-वाळूच्या थरात होतं आणि नंतर ते विरघळून शिअर झोनमध्ये पुन्हा जमलं. तिथल्या युरेनिनाइटचं वय काढलं तर ते साधारण १८० ते १६० कोटी वर्षं येतं, म्हणजे हिशोब जुळतो, पण वाद मिटलेला नाही.

आता माणसांकडे येतो.

१८६९ मध्ये जीएसआयच्या व्हॅलेंटाइन बॉलने इथल्या प्राचीन तांबेवाल्यांवर लिहिलं. जुने खड्डे, धातू गाळून उरलेल्या मळीचे ढीग, हे सगळं त्याने पाहिलं आणि हे काम सराक या तिथल्या जुन्या समाजाच्या लोकांचं असावं असं त्याने मांडलं. ते लोक वरवरचं खणायचे, कारण वर तांब्याचं हिरवं मॅलाकाइट होतं आणि ते कोळशाच्या भट्टीत सहज गळतं. खालचं चाल्कोपायराइट म्हणजे गंधकाचं खनिज, ते गाळायला जास्त खटाटोप. १८५० च्या दशकापासून युरोपियन कंपन्या आल्या आणि बुडाल्या, मग केप कॉपर कंपनीने राखाला खाण चालवली, आणि शेवटी जम बसला तो इंडियन कॉपर कॉर्पोरेशनचा, १९३० मध्ये घाटशिलाजवळ मऊभांडारला त्यांचा स्मेल्टर, म्हणजे धातू गाळायचा कारखाना, सुरू झाला. १९७२ मध्ये हे सगळं सरकारने घेतलं आणि हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे आलं.

या सगळ्या वर्षांत खडक दळला जायचा, फ्लोटेशनने, म्हणजे पाण्यात फेस करून त्या फेसाबरोबर, तांबं वर काढायचं आणि उरलेला भुगा, ज्याला टेलिंग म्हणतात, तो बाजूला. त्या भुग्यात युरेनियम जाऊन राहिलं होतं.

१९४९ मध्ये भूवैज्ञानिक दाराशॉ वाडियांच्या हाताखाली दुर्मिळ खनिजं शोधायचं एक युनिट सुरू झालं, आजच्या अणुखनिज संचालनालयाचं मूळ तेच. तांब्याचा पट्टा तर माहीत होताच, मग १९५१ मध्ये जादुगुडाला युरेनियम सापडलं. १९६७ मध्ये ते काढायला यूसीआयएल (युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) ही सरकारी कंपनी झाली. ग्रेड, म्हणजे खडकातलं युरेनियमचं प्रमाण, म्हणाल तर एक टन खडकात जेमतेम अर्धा किलो, आणि तेवढ्यासाठी माणसं ९०० मीटर खाली जातात. मग लक्ष गेलं तांब्याच्या टेलिंगकडे. युरेनिनाइट क्वार्ट्झच्या तीन-चार पट जड असतं, त्यामुळे सुरदा, राखा आणि मोसाबनीला प्लांट टाकून तांब्याच्या मिलमधला भुगा पाण्यासोबत हलत्या टेबलांवर सोडायचा, जड माल वेगळा व्हायचा आणि तो जादुगुडाच्या मिलला जायचा. सराकांनी हिरवं घेतलं, साहेबाने पिवळं घेतलं, आणि त्या दोघांना जे दिसलंच नव्हतं ते तिसऱ्याने टाकून दिलेल्या भुग्यातून घेतलं. खडक तोच. माझ्या मते जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला ओअर, म्हणजे ज्यातून धातू काढणं परवडतं तो खडक, म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा पट्टा सांगावा.

पण शेवटी जो भुगा उरतो तो कोणीच घेत नाही. युरेनियम काढून घेतलं तरी युरेनियमच्याच विघटनातून झालेले थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ हे किरणोत्सर्गी पदार्थ त्यातच राहतात, म्हणजे मूळ खनिजाच्या किरणोत्सर्गाचा बहुतेक भाग टेलिंगच्या तलावातच जातो. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात आणि थोरियमला ७५ हजारांच्या वर. त्या तलावांच्या शेजारी संथाळ आणि हो लोकांची गावं आहेत. तिथले लोक आजारपणाबद्दल कित्येक वर्षं आवाज उठवून राहिले, कंपनीचं म्हणणं वेगळं आहे, आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये टेलिंगचा पाइप फुटून गाळ नाल्यात गेला हे तर नोंदलेलं आहे. देशाला अणुइंधन पाहिजे हे मला मान्य आहे, त्या खाणीत खपलेल्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, पण मोजमाप बाहेरच्या कोणी तरी करावं आणि ते गावच्या भाषेत गावाला मिळावं यात वाद कसला?

राखाची तांब्याची खाण २००१ पासून बंद पडली, आता पुन्हा सुरू करायचं चाललं आहे. तांब्याला मागणी वाढली की जुन्या खाणी आठवतातच. आपल्याकडेही चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांबं आहे हे भूगर्भवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे. तिथे खाण होईल तेव्हा तांब्याच्या टक्क्याबरोबर भुग्यात आणखी काय काय जाऊन राहिलं हे पहिल्या ट्रकपासून तपासावं, आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत आणि गोंडीत लागावेत.