चार तारा आणि माग: अर्धवट कामाची नवी नोंद

तंबोऱ्याच्या तारा आणि यंत्रमागांचा आवाज एकत्र वाजवणारी ध्वनिरचना करायचं आमचं तिघांचं काम २०१३ मध्ये सुरू झालं आणि २०१६ च्या सुमारास कुणी काही न बोलताच थांबलं. भांडण नाही, तंटा नाही. रेकॉर्डिंग करणारा मित्र स्टुटगार्टला गेला, सांगलीच्या गायिका मैत्रिणीच्या शिकवण्या वाढल्या, आणि प्युअर डेटाचा (आवाजाचे प्रोग्राम चौकटी जोडून बनवायचं सॉफ्टवेअर, थोडक्यात पीडी) पॅच, म्हणजे त्यात बनवलेला आमचा प्रोग्राम, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पडून राहिला. गेल्या दिवाळीत तिघे व्हिडिओ कॉलवर होतो, तेव्हा तिनेच विषय काढला, "त्या साठ तासांचं काय झालं रे?"

साठ तास कुठून आले ते नव्या मंडळींसाठी सांगतो. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या रेकॉर्ड केल्या होत्या. पंचमाचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, १७ सेकंदांचा, जोडीच्या तारांचे १९ आणि २३, खर्जाचा २९. चारही मूळ संख्या, त्यामुळे एकदम सुरू केलेले लूप पुन्हा एकदम सुरुवातीला यायला २,१५,४४१ सेकंद लागतात, म्हणजे साठ तासांना नऊ-दहा मिनिटं कमी. प-सा-सा-सा हा क्रम पहिल्या मिनिटातच विस्कटतो. मग मध्येच कधीतरी चारही तारा अर्ध्या सेकंदाच्या आत पडतात आणि क्षणभर खरा तंबोरा ऐकू येतो. खाली इचलकरंजीच्या एका कारखान्यातले साधे माग, धोट्याचा ठोका सेकंदाला साधारण दोन.

पॅच उघडला, हे पहिलं आश्चर्य. प्युअर डेटाची फाइल म्हणजे साधा मजकूर, त्यामुळे ती सडत नाही. आम्ही काम केलं ते पीडी-एक्स्टेंडेडवर, म्हणजे जादा ऑब्जेक्ट जोडलेल्या पीडीवर, आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१३ चीच. आजच्या मूळ पीडीमध्ये उघडल्यावर निम्म्या चौकटी तुटक रेषांच्या दिसल्या, म्हणजे ते ऑब्जेक्ट सापडत नाहीत. बरेचसे पीडीच्या आतूनच शोधून बसवता आले. उरलेले दोन-तीन मी सरळ काढून टाकले, कारण ते काय करत होते हे ऐकून कुणालाही सांगता आलं नाही. एका कोपऱ्यात रोमन अक्षरांत टीप होती: "हे ती आल्यावर बघू." ती म्हणजे मैत्रीण. काय बघायचं होतं हे तिलाही आठवत नाही.

सुरू केल्यावर सा भलताच चढा. कारण सोपं. जुनी रेकॉर्डिंग (नमुने) सेकंदाला ४४.१ हजार मोजमापांची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झची, आणि माझं साउंड कार्ड आता ४८ वर चालतं. नमुना आहे तसा वाजवला की स्वर जवळजवळ दीड सेमीटोन (अर्धस्वर) चढतो आणि २९ सेकंदांचा खर्ज २६.६ सेकंदांत आटपतो. सगळे नमुने ४८ ला रूपांतरित करून घेतले.

खरं दुखणं ऑडासिटीच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या, प्रोजेक्टांचं होतं. माझ्याकडे फक्त .एयूपी फाइली होत्या, आणि त्या जुन्या पद्धतीत ती फाइल म्हणजे नुसती यादी. आवाज असतो शेजारच्या डेटा फोल्डरमध्ये, छोट्या छोट्या तुकड्यांत. (२०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलीत असतं. तेव्हा असतं तर!) डेटा होता मित्राच्या हार्डडिस्कवर, हार्डडिस्क कोल्हापूरला माळ्यावर. काकूंनी ती शोधून काढली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि वर भडंगाचं पाकीट घालून माझ्या हातात दिली. जोडीच्या दोन्ही तारा मिळाल्या, खर्ज मिळाला, माग मिळाले. पंचमाचे तुकडे मात्र अर्धे गायब.

आधी पंचम संगणकावर बनवून पाहिला. संगणकावर छेडलेली तार बनवायच्या १९८३ च्या कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीने तार छान वाजते, पण ती गिटारचं भावंड शोभेल अशी. जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझणीत गुंज, नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती, तिच्यावर सूत सरकवलेलं, त्यामुळे तार घोडीला घासत कापत राहते आणि छेडल्यानंतरही वरचे उपस्वर फुलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की तंबोऱ्याची तार जिथे छेडल्याने एखादा उपस्वर येऊच नये, तिथे छेडली तरी तो ऐकू येतो. हे सगळं चार ओळींच्या फिल्टरमधून निघण्यातलं नाही. निदान माझ्याकडून तरी नाही.

म्हणून पंचम नव्याने रेकॉर्ड करायला सांगलीला मैत्रिणीकडे गेलो. तंबोरा तोच, पण मधल्या काळात तिने मिरजेत जवारी काढून (घोडी घासून) घेतलेली. जुनी बंद, म्हणजे दबकी होती, आता खुली. शिवाय जुन्या रेकॉर्डिंगमधली काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी, आमचा सा) साधारण १२ सेंट, म्हणजे अर्धस्वराचे १२ शतांश, उतरलेली, म्हणजे जोडी २०६.२ हर्ट्झवर. हेडफोनमधून जुना सा लावून दिला, तिने डोळे मिटून खुंटी फिरवली, मग मणी सरकवत राहिली. मीटरवर पंचम पाहिला तर १५४.६, म्हणजे जोडीच्या तीन-चतुर्थांश, बरोब्बर. मीटर दाखवायला गेलो तर म्हणाली, "ते तुझ्याजवळ ठेव."

घरी येऊन चारही एकत्र लावले तर नवा पंचम उजेडात उभा आणि जुने सा पडद्याआड. माझा हात इक्वलायझरकडे गेला होता. तिचं म्हणणं, दोन काळांतला फरक ऐकू येतोय तर तो पुसायचा कशाला. मित्राचा कल माझ्या बाजूला होता. आठवडाभर ऐकलं आणि मला तिचंच पटलं. त्या भडक पंचमामुळे चार तारा एकत्र कधी येतात हे आता मागांच्या गोंगाटातही कळतं. पूर्वी ते हरवायचं.

जुन्या रेकॉर्डिंगमधली विजेची घरघर अजून सुटलेली नाही. जुना खर्ज १०३.१ हर्ट्झवर आणि विजेच्या घरघरीचा दुसरा उपस्वर १०० वर, त्यामुळे सेकंदाला तीन ठेक्यांची धडधड. अरुंद नॉच (ठरावीक वारंवारता कापणारा फिल्टर) लावला तर तो स्वतःच वाजतो, रुंद लावला तर खर्ज खातो. वर आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९ ते ५०.०५ मध्ये हलत असते, म्हणजे लक्ष्यही सरकतं. नॉइज रिडक्शन केलं की पाण्याखालचा आवाज येतो. कुणी घरघरीचा माग काढत सरकणारा फिल्टर पीडीमध्ये केला असेल तर कळवा.

आता मुख्य गोष्ट. काम तेव्हा फाइलींमुळे अडलं नव्हतं. साठ तासांची रचना थांबवायची कुठे यावर एकमत नव्हतं. मित्राला ती खोलीत अखंड वाजत ठेवायची होती, तिला वीस मिनिटांची बैठक हवी होती, मी दोन्हीकडे मान डोलवायचो. हार्डडिस्कवर मागांची मूळ, न कापलेली फाइल मिळाली, ४१ मिनिटांची. शेवटी भारनियमन. वीज जाते, पण माग एकदम थांबत नाहीत. एकेक मंदावतो, ठोके विरळ होत जातात, एक माग हट्टाने दोन ठोके जास्त घेतो, आणि मग माणसं नेहमीच्या आवाजात बोलायला लागतात, कुणीतरी चहाचं विचारतं. तेव्हा आम्ही हा भाग खराब म्हणून कापला होता. त्या कारखान्यात आता बिनधोट्याचे रेपियर माग आहेत, हा आवाज पुन्हा मिळायचा नाही.

तेव्हा लांबी ठरली: ४१ मिनिटं, माग थांबेपर्यंत. सुरुवात साठ तासांतल्या कुठल्याही बिंदूपासून. तिघांनी एकेक बिंदू निवडायचा, म्हणजे तीन प्रती. तिला वीज गेल्यावर सगळं गप्प होणं नाटकी वाटतं. तारा पुढे चालू राहाव्यात आणि तिने बसून हाताने तंबोरा संपवावा, असा तिचा आग्रह आहे. मला पटत चाललंय. मित्र अजून कुरकुरतोय. त्याला वाटतं एवढ्या वर्षांनी हे ऐकणार कोण. त्याला मी अहमदाबादच्या एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) टेप आठवून दिल्या. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला, गीता साराभाई आणि इतरांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं, आणि त्यातलं निवडक संगीत प्रकाशित झालं २०२३ मध्ये. आपण त्या पंगतीतले नाही हे मान्य, पण टेपला घाई नसते.

सहा चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, ४१ मिनिटं म्हणजे एका प्रतीचे साधारण २.१ जीबी. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी साधी वेव्ह फाइल, सोबत पॅच आणि कुठला एक्सटर्नल (पीडीला बाहेरून जोडलेला ऑब्जेक्ट) कुठल्या आवृत्तीचा याची मजकूर फाइल. तिघांकडे एकेक संच. पहिली प्रत तिच्या बिंदूची, पुढच्या महिन्यात ती शेवट वाजवायला बसेल तेव्हा घरघर नको म्हणून रेकॉर्डर बॅटरीवर चालवणार आहे.