बाई पण मीच, आई पण मीच: शाळा बंद होत्या तेव्हाचा माझा अनुभव

मार्च २०२० ला कोरोनामुळं शाळा बंद झाल्या तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर होते. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, म्हणजे मी आणि मुख्याध्यापक सर, पट तिशीच्या आतला. पहिली-दुसरी माझ्याकडं. घर पाटणात, आणि मुलगा तिथल्याच एका खासगी सेमी इंग्लिश शाळेत पाचवीत. त्यामुळं शिक्षकांची बाजू आणि पालकांची बाजू असं दोन्हीकडून सगळं एकाच फोनवर भोगलंय, आणि फोन खरंच एकच होता बरं का, मिस्टरांचा त्यांच्याबरोबर पतसंस्थेत जायचा.

सुरुवातीला कुणालाच काही वाटलं नाही. २० मार्चला जाहीर झालं की पहिली ते आठवीची परीक्षा रद्द, पोरं खूश, आम्ही पण मनातून थोडे खूश, महिनाभरात सगळं मिटेल असंच सगळे धरून चाललेले. मग एप्रिल गेला, मे मध्ये मुंबईकर यायला लागले. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला असतो, कोण वाशीच्या मार्केटला माथाडी, कोण गोदीत, कोण रिक्षावर. ते सगळे बायकापोरं घेऊन आले आणि त्यांना चौदा दिवस ठेवायचं कुठं, तर शाळेत. आमच्या दोन खोल्यांत चार कुटुंबं राहिली. फळ्यावर सरांनी सूचना लिहिल्या, जेवण घरचे आणून ओट्यावर ठेवून जायचे. मी ग्राम समितीत होते म्हणून रोज नोंदी घ्यायला जायचे तर आमचीच पहिलीतली पोरं कुंपणाबाहेर उभी राहून आत बघायची, त्यांच्या वर्गात भलतीच पोरं खेळतायत म्हणून रागावलेली.

जूनमध्ये आदेश आला, शाळा बंद पण शिक्षण चालू. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर विद्या प्राधिकरणाची, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन-प्रशिक्षण संस्थेची, अभ्यासमाला यायची, सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरच्या धड्यांच्या लिंका, त्या आम्ही पालकांच्या ग्रूपवर पुढं ढकलायचो. सकाळी दहाला लिंक टाकली की संध्याकाळपर्यंत एक निळी टिक नाही. मला आधी वाटलं पालकांना पडलेलंच नाही. मग एकदा पुस्तकं वाटायला वाडीवर गेले तेव्हा एका आजीनं सरळ सांगितलं, "बाई, फोन त्याच्या बापाकडं आस्तुया, त्यो रानातनं येतो दिवस बुडाल्यावर, मंग लावा की तुमचा अभ्यास." एवढी साधी गोष्ट. अख्ख्या राज्यात ऑनलाइन शिक्षणाचं वेळापत्रक सकाळचं आणि फोन घरात येतो रात्री. त्या दिवसापासून आमची शाळा रात्री आठला भरायला लागली.

पण त्यात पण भानगडी. अर्ध्या घरांत बटणाचा फोन, आणि जिथं स्मार्टफोन तिथं रेंज नाही, रेंज आली तर रिचार्ज संपलेला. म्हणून मी साध्या कॉलवर यायचं ठरवलं. कॉन्फरन्स कॉलवर एका वेळी चार-पाच घरं जोडता येतात, एकाला लावायचा, होल्डवर टाकायचा, दुसऱ्याला लावायचा, मर्ज करायचा, असं करत करत पाच पोरं लाइनवर आली की सुरू. एकजण कविता म्हणणार, बाकीचे ऐकणार, मग मी बेरजा तोंडी घालणार, मागनं म्हैस ओरडतीय, कुणाची आई भाकरी थापता थापता हळूच उत्तर सांगतीय. अर्धा तास, फार तर पाऊण. आवाज पाचजणांचा एकदम आला की काही कळायचं नाही, म्हणून ज्याचं नाव घेईन त्यानंच बोलायचं असा नियम केला, आणि गंमत म्हणजे वर्गात जे कधी तोंड उघडत नव्हते ते फोनवर घडाघडा बोलायला लागले. बहुतेक समोर बाई दिसत नाही म्हणून.

टीव्हीचं पण सांगते. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली सुरू झालं, चांगला कार्यक्रम होता, नुसतं भाषण नाही, घरातल्या वस्तू घेऊन करून बघायचं, पोरांना आवडायचं. पण आमच्याकडं जुलै म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे लाइट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं.

खरा अभ्यास पोचायचा तो तांदळाबरोबर. पोषण आहार शिजवून देता येत नव्हता म्हणून कोरडा शिधा वाटायचा होता, पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ या हिशोबानं, शिवाय डाळ-कडधान्य. त्याला पालक येणारच. मग आम्ही काय करायचो, पोराच्या नावाची वर्कशीटं पिशवीला स्टेपल करून द्यायची आणि मागच्या वेळची सोडवलेली परत घ्यायची. झेरॉक्सचे पैसे सरांनी आणि मी घातले, त्याचं काही नाही. पण त्या दिवशी एकेका आईशी दहा-दहा मिनिटं बोलणं व्हायचं, जे एरवी पालक सभेत कधीच होत नाही. पालक सभेला तर वडील येतात, सही करतात, चहा पितात, जातात.

त्यातलीच एक आई. मी सांगितलं होतं की पोराला पुस्तकातलं एक पान वाचायला लावा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मुलगा दुसरीतला, माझ्या नोंदीत वाचन चांगलं. तिनं रेकॉर्डिंग पाठवलं, मस्त खणखणीत वाचलेलं, मी शाबास म्हणून अंगठा टाकला. दोन दिवसांनी तिचा फोन. म्हणाली, "बाई, ह्येला वाचाय येत न्हाई ओ. ह्यो पाठ म्हनतोय. मी वळीवर बोट ठिवलं तरी ह्येचं तोंड चालूच." तिनं स्वतः केलेलं ते, ओळ बोटानं झाकायची, मधलाच शब्द विचारायचा, पुस्तक उलटं धरायचं. ती बाई स्वतः सातवी शिकलेली. त्यानंतर ती रोज शेण-पाणी आवरलं की त्याला घेऊन चुलीपुढं बसायची, मी सांगायचे आज ही पाच अक्षरं, उद्या यांचे काना-मात्रा, आणि दिवाळीपर्यंत पोरगं लिहिलेलं वाचायला लागलं. मी नंतर सगळ्याच आयांना ही बोटाची पद्धत सांगितली आणि आणखी तिघंजण तसेच निघाले. आता सांगा, हे कुठल्या लिंकमध्ये भरायचं? आम्हाला वरनं रोज माहितीची लिंक पाठवून विचारायचे किती विद्यार्थी ऑनलाइन, किती ऑफलाइन, किती संपर्कात नाहीत. संध्याकाळी पाचपर्यंत लिंक भरली नाही तर केंद्रप्रमुखांचा फोन. त्यांचा पण इलाज नव्हता म्हणा, त्यांना त्यांच्या वरचे विचारायचे.

आता घरचं. मुलगा जूनला सहावीत गेला, त्याच्या शाळेनं सकाळी नऊ ते बारा झूम लावलं. माझ्या नोंदी, माझे कॉल, माझ्या लिंका सगळं त्याच फोनवर, तो त्याच्या हातात. त्याच्याजवळ बसायला सासूबाई. त्यांना वाटायचं वर्ग चालू आहे म्हणजे आपण पण नीट बसलं पाहिजे, त्या डोक्यावर पदर घेऊन त्याच्या शेजारी पूर्ण तीन तास बसायच्या, आणि महिन्याभरात त्यांना विज्ञानाच्या बाईंचा आवाज आवडेनासा झाला. परीक्षा गूगल फॉर्मवर. फॉर्म आला की चिरंजीव मित्राला फोन लावणार, स्पीकर टाकणार आणि दोघं मिळून वीसपैकी वीस. अख्ख्या वर्गाला वीसपैकी वीस. मी शिक्षिका असून मला हे सहामाहीनंतर कळलं, आणि ते पण सासूबाईंनी सांगितलं तेव्हा.

फीचा मात्र राग आहे. झूमच्या तीन तासांची पूर्ण फी, त्यात बसचा अर्धा आकार, कॉम्प्युटर लॅब, स्नेहसंमेलन सुद्धा. १२ ऑगस्ट २०२१ ला पंधरा टक्के फी कमी करण्याचा शासन निर्णय निघाला, तो घेऊन गेलो तर ऑफिसात म्हणाले आम्हाला पत्र आलं नाही. आम्ही चार-पाच पालक मिळून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठं पुढच्या हप्त्यात वळते करून दिले. कुणाला असं काही करायचं असेल तर पोच घेतल्याशिवाय हलू नका एवढंच सांगते.

२०२० च्या पावसाळ्यात पुढं आम्ही वाडीत देवळाच्या मंडपात आणि दोन घरांच्या ओसरीवर आलटून पालटून पोरं बसवायला लागलो, पाच-सहाच्या गटानं, सरपंचांना विचारून. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवल्याचे फोटो फिरत होते, ते बघून आमच्या एका पालकानं, ते सेंटरिंगचं काम करतात, उरलेल्या रंगानं ओसरीच्या भिंतीवर बाराखडी काढून दिली. छान चाललं होतं, तेवढ्यात १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं आणि आमच्या हातात खडूऐवजी ऑक्सिमीटर. आशाताईंबरोबर घरोघर फिरायचं, ताप बघायचा, आजार विचारायचे. ड्युटी करायला ना नाही, पण मग शिकवायचं कधी? रात्री आठला, तेच उत्तर.

दुसऱ्या लाटेबद्दल जास्त लिहीत नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये ओळखीतले दोन शिक्षक गेले. पोरं पुन्हा परीक्षेशिवाय पुढच्या वर्गात, या वेळी निकालपत्रकावर 'आरटीई २००९ नुसार वर्गोन्नत' (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा) असं लिहायचं होतं, ते आम्ही एकेकावर हातानं लिहिलं. जुलैत ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम चालू झाला, मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढायला, आणि त्याच महिन्यात २२-२३ तारखेला आमच्या तालुक्यात तो पाऊस झाला. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, दरडी कोसळून माणसं गाडली गेली. रस्ते तुटले, टॉवर बंद, आमच्या वाडीतली वरची आळी खाली शाळेत आणून ठेवली, म्हणजे शाळा पुन्हा मुक्कामाला. सेतूच्या चाचण्या त्या आठवड्यात कोण घेणार? तारखा पुढं गेल्या, लिंक मात्र चालूच होती.

१ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. सगळ्यात अवघड गेले ते दुसरीचे. ही पोरं पहिलीत दाखल झाली जून २०२० ला, म्हणजे पहिली अख्खी घरी गेली आणि वर्गात पाय ठेवला तो थेट दुसरीत. अंगणवाडी पण बंद होती. त्यांना रांग माहिती नाही, घंटा माहिती नाही, एकजण डबा खाऊन झाला की दप्तर उचलून सरळ घरी. पेन्सिल मुठीत धरायची. त्यांच्यासाठी दुसरीचं पुस्तक मी बाजूलाच ठेवलं, आधी माती, मणी, चिंचोके, मग रेघा, मग अक्षरं. जानेवारीत ओमिक्रॉनमुळं पुन्हा कुलूप लागलं तेव्हा मात्र मी अस्सल शिव्या दिल्या, मनातल्या मनात. पण या वेळी पालकांना सांगावं लागलं नाही, दुसऱ्याच दिवशी आठला त्यांचेच फोन यायला लागले, "बाई, जोडताय न्हवं?"

मार्चअखेरीला वरनं नवीन फर्मान, नुकसान भरून काढायला एप्रिलभर शाळा पूर्ण वेळ, शनिवारी पण. आमच्याकडं एप्रिलात जत्रा असतात. त्यासाठी मुंबईकर येतात, पाहुणे येतात, पोरांना नवे कपडे असतात. दोन वर्षं जत्रा पण बंद होती हे वरच्यांच्या लक्षात राहिलं नसावं. पालक म्हणाले, बाई, शिकवायचं तर आम्ही रात्री शिकवतोय, जत्रेला पोरगं न्हाई म्हनजे काय? सर म्हणाले पट लावायचा, जेवढे येतील तेवढे. जत्रेच्या दिवशी तीन पोरं आली, त्यातलं एक डबा विसरलं म्हणून परत गेलं ते पालखीतच सापडलं. दुपारनंतर स्वयंपाकाच्या ताई पण दिसेनात. उरलेल्या दोघांना घेऊन सर आणि मी पण गेलो मग.