मेटलचा वंशवृक्ष आणि मिरजेचे कान

हेवी मेटलवरच्या बऱ्याच माहितीपटांत हेवी मेटल नीट ऐकूच येत नाही. गाणं सुरू होतं, काही सेकंदांत कुणीतरी बोलायला लागतं आणि गिटार त्या बोलण्याखाली दबते. यामागे खर्चाचं कारण आहे. चित्रपटात गाण्याचा तुकडा वापरायचा तर दोन परवाने लागतात, एक रचनेचा आणि दुसरा मूळ ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींचे पैसे वेगळे मोजावे लागतात. म्हणून तुकडे छोटे राहतात आणि उरलेली जागा मुलाखती, गर्दी आणि जळत्या चर्चची दृश्यं भरून काढतात. डूम आणि डेथ या मेटलच्या दोन उपप्रकारांत फरक काय, हे दोन तास बघूनही प्रेक्षकाला सांगता येत नाही.

सांगलीत एका फिल्म क्लबसाठी याच विषयावर दिवसभराचं सत्र होतं. प्रोजेक्शन आणि ध्वनी आमच्याकडे. समोर कॉलेजची मुलं, बँडमध्ये वाजवणारे काही जण, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुली आणि मिरजेहून आलेले तंतुवाद्यांचे कारागीर. सतार-तंबोऱ्यात आयुष्य घालवलेली ही मंडळी मेटल ऐकायला येतील असं आयोजकांना वाटलं नव्हतं.

आधी हॉलचं काम. रुंदी साडेसात मीटर, फरशी उघडी, भिंती गुळगुळीत. सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, डाव्या कोपऱ्यात ठेवलेला होता आणि खालचा एकच सूर भिंतीजवळ नुसता घुमत होता. गणित सोपं आहे: साडेसात मीटर रुंदीत भिंतींमध्ये अडकून घुमणाऱ्या आवाजाच्या स्थिर लहरी २३, ४६ आणि ६९ हर्ट्झच्या आसपास तयार होतात. गिटारची खालची तार सी शार्पपर्यंत उतरवली की तिचा मूळ सूर ६९.३ हर्ट्झ येतो, म्हणजे बरोबर तिथेच. सबवूफर पडद्याखाली, रुंदीच्या मध्यावर आणला. पहिल्या आणि तिसऱ्या लहरीचा दाब मध्यावर शून्य असतो, त्यामुळे तिथून त्या उचलल्याच जात नाहीत. घुमणं तिथेच बसलं. फरशीवर सतरंज्या अंथरल्या, मागच्या भिंतीला जाड पडदे लावले. ड्रमसाठी हे फार गरजेचं असतं. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेचे चार ठोके वाजतात तेव्हा दोन ठोक्यांत फक्त ७५ मिलिसेकंद असतात. हॉल दीड सेकंद घुमत राहिला तर ब्लास्ट बीटचा, म्हणजे मेटलमधल्या अतिवेगवान ड्रमठेक्याचा, नुसता गरगराट होतो. पातळी सरासरी ८८ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास उरतात. सत्राचा ऐकण्याचा वेळ त्यात बसत होता.

सकाळी १९८८ चा पेनेलोपी स्फीरिस यांचा ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’चा दुसरा भाग. उपशीर्षक ‘द मेटल इयर्स’, पण कॅमेरा बहुतेक वेळ लॉस एंजेलिसच्या ग्लॅम, म्हणजे भडक पेहरावाच्या, बँडांतच अडकलेला. मेटालिका, स्लेयर आणि मेगाडेथ या थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल वाजवणाऱ्या, बँडांचे महत्त्वाचे अल्बम १९८६ मध्येच आले होते. तरी थ्रॅश इथे जवळपास शेवटी, मेगाडेथपुरता दिसतो. ब्लॅक सॅबथ या बँडचा पूर्वीचा गायक ऑझी ऑस्बोर्न संत्र्याचा रस ओतताना सांडतो ते दृश्य रचलेलं होतं, हे पुढे दिग्दर्शिकेनेच मान्य केलं. चित्रपट म्हणून तो जबरदस्त आहे. इतिहास म्हणून मात्र तो एका शहराचा आणि दोन-तीन वर्षांचा आहे, आणि तसं सांगूनच तो दाखवावा.

मग सॅम डन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा ‘मेटल: अ हेडबँगर्स जर्नी’. डन मानववंशशास्त्र शिकलेला, त्यामुळे त्याने उपप्रकारांचा वंशवृक्षच मांडला. २०११ च्या ‘मेटल इव्होल्यूशन’ या अकरा भागांच्या मालिकेचा पायाही तोच. या वृक्षाने मोठं काम केलं: कुणी कुणाचं ऐकून काय उचललं हे एका नजरेत दिसतं. पण मालिकेत ग्रंजला स्वतंत्र भाग मिळाला आणि डेथ, ब्लॅक, ग्राइंडकोर या टोकाच्या उपप्रकारांना मिळाला नाही. एक्स्ट्रीम मेटलचा भाग नंतर लोकवर्गणीतून झाला. वाहिनीला कुठली फांदी परवडते, यावरही झाडाचा आकार ठरतो.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याचा अपघात पडद्यावर आला तेव्हा मागून एका कारागीर काकांनी हात वर केला.

“ओ सर, चित्र थांबवा जरा. आवाज असू दे. माणूस बोलतोय म्हणून तार ऐकायलाच येईना.”

थांबवलं. ‘ब्लॅक सॅबथ’ या गाण्याची सुरुवात मूळ ध्वनिमुद्रणावरून पूर्ण वाजवली. जी, वरचा जी, मग सी शार्प. पहिल्या रांगेतल्या मुलींनी लगेच ओळखलं: सा, तार सा, तीव्र मध्यम. माहितीपटांत या स्वरसंबंधाला सैतानाचं नाव चिकटवून पुढे जातात. या मुली तो रोज रियाजात घेतात, त्यामुळे भीतीचा प्रश्नच आला नाही. त्यांनी विचारलं की मधे पंचम का लागत नाही. मेटलबद्दलचा इतका नेमका प्रश्न एकाही मुलाखतकाराच्या तोंडी मला आठवत नाही.

“आणि ह्याला जवारी काढल्यागत आवाज हाय,” काका म्हणाले. “कुठनं काढलाय?”

जवारीत तार घोडीच्या किंचित गोलाईला घासत कंप पावते आणि वरचे स्वयंभू स्वर मोकळे होतात. डिस्टॉर्शनमध्ये अँप्लिफायर लहरीचे माथे छाटतो. तिथेही वरचे स्वर वाढतात. बँडमधल्या एका मुलाने छोटा अँप लावून दाखवलं. आधी स्वच्छ आवाजात सा-ग-प: गोड. गेन, म्हणजे छाटणी, वाढवून तेच: चिखल, कारण छाटलेल्या लहरीत स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही वाजतात आणि गंधाराच्या जोडीला बेसूर भर पडते. मग फक्त सा-प. ८२.४ आणि १२३.६ हर्ट्झ, वजाबाकी ४१.२, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. दोन तारा छेडल्या आणि न छेडलेला खर्ज ऐकू आला. सा-पची ही जोडी, म्हणजे पॉवर कॉर्ड, जड का वाटते, ते सगळ्यांच्या कानावर पडलं.

आयोमीची गोष्ट दंतकथेसारखी सांगितली जाते. कारागिरांना त्यातला ताण कळला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचीच बोटं. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तीन अर्धस्वर खाली उतरला. तार तीच ठेवून इतकं उतरवलं की ताण सुमारे २९ टक्के कमी होतो, बोटांना आराम मिळतो. पुढच्या पिढीला मात्र तो खालचा सूर घट्ट तारेवर हवा होता, म्हणजे वेगात पाम म्यूट करताना, तळहाताने तार दाबून छेडताना, ती लोळत नाही. मग .०४६ इंचाच्या जागी साधारण .०५५ ची तार येते. “पट्टी बदलली की तार बदलायचीच,” काका शेजाऱ्याला म्हणाले.

दुपारी ठरलेला क्रम सोडून पडदा काळा ठेवला आणि चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे नावं न सांगता वाजवले: ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, १९८६ चे कँडलमास आणि स्लेयर, १९८७ चे नेपाम डेथ आणि डेथ (हे बँडचंही नाव आहे), १९९२ चं डार्कथ्रोन. सगळे उणे १८ एलयूएफएसला, म्हणजे कानाला सारख्याच मोठ्या वाटणाऱ्या पातळीला, आणून. हे केलंच पाहिजे, नाहीतर मोठ्याने मास्टर केलेलं नवीन ध्वनिमुद्रण आपोआप जास्त ‘हेवी’ वाटतं आणि १९७० चं पातळ. ऐकणाऱ्यांनी फळ्यावर चारच गोष्टी लिहायच्या: खालचा सूर, उजव्या हाताची हालचाल, ड्रमचा ठोका, गळा.

सोळा वर्षांचं अंतर असूनही कँडलमास बहुतेकांनी सॅबथशेजारी ठेवलं. मेडनच्या दोन गिटारी तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात, हे गाणाऱ्या मुलींनी पकडलं. नेपाम डेथ आणि डेथ सुरुवातीला एकत्र पडले. मग तबला वाजवणाऱ्या एकाने वेगळे केले. नेपाम डेथमध्ये किक आणि स्नेअर हे दोन ड्रम समान अंतराने अखंड आळीपाळीने पडतात, डेथमध्ये ठेका सारखा बदलतो. डार्कथ्रोन लागल्यावर एका स्वयंसेवकाने केबल तपासली, इतका आवाज पातळ. तो मुद्दाम तसा आहे. जलद ट्रेमोलोने, म्हणजे तार सतत वर-खाली छेडून, एकच स्वर इतका भरून राहतो की काकांनी फळ्यावर ‘ठोका’च्या रकान्यात काही लिहिलंच नाही, ‘सूर धरलाय’ एवढंच लिहिलं. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवरचे माहितीपट १९९२ ची फँटॉफ्ट चर्चची आग आणि १९९३ चा मेहेम बँडचा गिटारवादक युरॉनिमस याचा खून यांतच अडकतात. तेव्हा हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं.

नावं सांगितल्यावर डनचा वृक्ष पुन्हा पडद्यावर आणला आणि फळ्याशी ताडून पाहिला. बरंच जुळलं. ग्लॅमची फांदी मात्र कानाने ओळखेना, कारण तिची ओळख पेहरावात जास्त आणि तारेत कमी आहे. स्फीरिस यांचा कॅमेरा तिच्यावरच का रमला, तेही त्यातून समजलं.

पुढच्या वेळी तुकडे आधी आणि चित्रपट नंतर, असा क्रम धरलाय. ‘ग्लोबल मेटल’ (२००८) घ्यायचं ठरतंय. त्यात भारतही येतो. प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकाकडून वेगळी घ्यावी लागते, विकत घेतलेली डीव्हीडी फक्त घरी बघण्यासाठी असते. ते पत्र गेलंय. मिरजेची मंडळी एक खर्जाचा तंबोरा घेऊन येणार आहेत, आणि सी शार्पला लावलेली गिटार त्याच्याशेजारी वाजवायची आहे.