ओला दगड खोटं बोलतो

कूबर पीडीहून, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ओपल रत्नाच्या खाणींच्या गावाहून, परत येताना माझ्या मांडीवर काचेची एक बरणी होती. लोणच्याच्या बरणीपेक्षा जराशी लहान, काठोकाठ पाण्याने भरलेली आणि आत ओपलचे अकरा कच्चे खडे. ॲडलेडपर्यंतचा रस्ता साडेआठशे किलोमीटरचा. प्रत्येक पेट्रोलपंपावर मी बरणी उन्हाकडे धरून फिरवायचे. हिरवं चमकलं की "अरे बघ", नारिंगी चमकलं की पुन्हा "अरे बघ". नवरा बिचारा पंपावरचा आकडा बघत असायचा.

घरी येऊन खडे टॉवेलवर पसरले आणि रात्रभर वाळू दिले. सकाळी अकरापैकी चार खड्यांवर केसासारख्या बारीक रेषा दिसत होत्या. आदल्या दिवशी त्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण चिरेत पाणी शिरलं की ती डोळ्याला दिसत नाही. शिवाय गोल बरणी भिंगासारखं काम करते, त्यामुळे खडाही मोठा वाटतो. दुकानदाराने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. कच्चा माल पाण्यात ठेवून विकायची तिथली रीतच आहे. 'एक खडा बाहेर काढून पुसून बघू का' हे मी विचारायला हवं होतं.

त्या गावाचं आणि पाण्याचं नातं तसंही जुनं. १९१५ साली सोनं शोधायला निघालेल्या एका टोळीबरोबर विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो पाणी शोधत फिरत होता आणि त्याला सापडलं ओपल. आज गावाभोवती उघड्या खड्ड्यांचं रान झालंय. फोटो काढताना मागे मागे सरकू नका, अशा पाट्या लावल्यात. अर्धं गाव उन्हाला कंटाळून जमिनीखाली घरं कोरून राहतं.

ॲडलेडमधल्या एका लॅपिडरी क्लबात, म्हणजे रत्नं घासायला-कोरायला शिकवणाऱ्या मंडळात, मी नाव घातलं. तिथे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ शिकवतात. त्यांना नावानेच हाक मारावी लागते, तशी इथली पद्धत; मनात मात्र मी त्यांना आजोबाच म्हणते. मी बरणी पुढे केली तशी त्यांनी ती न उघडताच परत दिली. "कोरडे करून आण," एवढंच म्हणाले. कोरडे खडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी चिरा पडलेले चार बाजूला काढले आणि मग माझ्या हातात एक मळकट पांढरा तुकडा ठेवला. पॉच. म्हणजे रंग नसलेलं ओपल. पहिले पाच आठवडे मी फक्त पॉच घासलं.

पॉच आणि खरं ओपल रसायनाने एकच: सिलिका आणि पाणी. फरक आहे तो रचनेत. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओपल बघितलं, तेव्हा आत सिलिकाचे सूक्ष्म गोळे दिसले, फळवाल्याने मोसंबी रचावीत तसे ओळीत. ही रचना प्रकाशाचे रंग वेगळे करते. गोळे लहान असतील तर निळा, मोठे असतील तर लालसुद्धा. पॉचमध्ये तीच मोसंबी टोपलीत कशीही ओतलेली. हे कळलं तेव्हापासून पॉच घासायचा कंटाळा गेला.

चाकावरचं काम ऐकायला सोपं आहे. हिऱ्याची पूड बसवलेली चाकं ओळीने लावलेली असतात आणि त्यांच्यावर सतत पाणी पडत असतं. खरखरीत चाकापासून सुरुवात करून २८०, ६००, १२००, ३००० असं मऊ चाकाकडे सरकत जायचं; आकडा मोठा तेवढं चाक मऊ. ओपल क्वार्ट्झपेक्षा, म्हणजे गारगोटीपेक्षा, मऊ, त्यामुळे ८०च्या चाकाला मी घाबरूनच असते. दोन सेकंदांत रंगाचा अख्खा पट्टा खाऊन टाकतं. पाणी हवं ते गारव्यासाठी आणि धुळीसाठीही. ओपलला चिकटून येणाऱ्या वालुकाश्मात क्वार्ट्झ असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिसची भीती. याच रोगापायी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघरातल्या कृत्रिम दगडी ओट्यांवर बंदी घातली. म्हणून कोरडं काहीही घासायचं नाही, आणि ओलं घासतानाही मास्क.

खडा बोटांत धरून घासता येत नाही म्हणून तो खिळ्याच्या डोक्यावर मेणाने चिकटवायचा. या मेणात लाख असते, आपल्या बांगड्यांची ती लाख; वासावरून ओळखलं. माझा पहिला घात इथेच झाला. मेण लवकर वितळेना म्हणून मी खडा सरळ स्पिरिटच्या दिव्यावर धरला. पापड भाजताना होतो तसा 'टक्' आवाज आला. रंग तसाच, पण मधोमध आरपार भेग. आजोबांनी बघितलं, रागावले नाहीत, नुसता दिवा विझवला. तेव्हापासून मी खडा आणि खिळा दोन्ही टेबललँपच्या पत्र्यावर पंधरा मिनिटं ठेवते आणि तेवढ्यात चहा पिऊन घेते.

मग ओरखडे. ६००च्या चाकावरून उतरलेला खडा हातात आरशासारखा दिसत होता. मी १२०० केलं, ३००० केलं, सिरियम ऑक्साइडची गुलाबीसर पेस्ट लावून चामड्यावर अर्धा तास घासलं. पुसला तर पाठीवर सरळ दोन रेघा, २८०च्या चाकाच्या. ओल्या दगडावर पाणीच पॉलिशचं काम करतं. प्रत्येक चाकानंतर खडा पुसायचा, फुंकर मारायची, दिव्याखाली तिरपा धरायचा आणि रेघ दिसली तर मागच्या चाकावर परत जायचं. हे परत जाणं जिवावर येतं. दरवेळी खडा थोडा लहान होतो. 'एवढी रेघ कोण बघतंय' असं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा ती रेघ सर्वांत आधी मलाच दिसली.

कोरीवकामाकडे वळले ते नाइलाजाने. एका खड्यात रंगाचा थर लाटेसारखा वरखाली गेलेला. गुळगुळीत घुमट काढायचा तर अर्धा रंग पाण्याबरोबर वाहून गेला असता. थराबरोबर उतरायचं असेल तर कोरण्याला पर्याय नव्हता. मोटर वर टांगलेली, तिला डेंटिस्टकडे असते तशी लवचिक नळी, टोकाला हिऱ्याचा इवला दाता आणि खाली पाण्याचं ताट. वीज पाण्यापासून लांब राहावी म्हणून हा खटाटोप. दाता सुरुवातीला दगडावरून नुसता निसटतो, कडेला जाऊन खड्डा पाडतो. पॉचवर मी चार मासे कोरले, त्यांतले दोन बटाट्यासारखे दिसतात.

खऱ्या खड्यावर काय कोरायचं हे ठरवावं लागलं नाही. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं होत वळलेलं, कोयरीच ती. आईच्या पैठणीच्या पदरावर असते तशी. मधली खळगी चाकाला पोचण्यासारखी नव्हती, म्हणून बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या तासून त्यांच्या टोकाला हिऱ्याची पेस्ट लावली. एका काडीला दहा मिनिटं आयुष्य. दोन शनिवार आणि एक अख्खा रविवार त्या खळगीत गेला. नखाएवढी जागा.

सांगलीला व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. "अगं, ओपल शुक्राचं ना? हिऱ्याऐवजी घालतात ते," ती म्हणाली. शिवाय संस्कृतात उपल म्हणजे दगड, म्हणजे शब्दही आपल्याकडूनच गेलेला, हे शाळेत संस्कृत शिकवलेल्या आईने ऐकवलंच. तसं बरेच जण मानतात. मग म्हणाली, "जरा ओली करून धर की, चकाकी दिसत नाहीये."

मी नाही धरली. खिडकीपाशी नेऊन कोरडीच तिरपी केली, आणि हिरव्यातून नारिंगी सरकलं तशी आई गप्प झाली.

अंगठीत मात्र अजून बसवलेली नाही. कापलेलं ओपल काही आठवडे तसंच ठेवून बघावं लागतं. आतला ताण कधी कधी उशिरा बाहेर पडतो आणि जाळीसारख्या चिरा उमटतात. कोयरी फ्रिजवर बशीत पडून आहे. येता-जाता भिंग लावते. आज बावीस दिवस झाले.